सत्तर सेकंदांच्या आधीचा अर्धा तास

१२०० मीटरची शर्यत सत्तर-बहात्तर सेकंदांत आटोपते. गेट उघडतं, लांबवर रंगीत टोप्यांचा पुंजका हलताना दिसतो, स्टँडमधला आवाज चढत जातो आणि तेवढ्यात घोडे विनिंग पोस्टपाशी पोचलेलेही असतात. पुण्याच्या रेसकोर्सवर कुणाला पहिल्यांदा घेऊन गेले की प्रश्न ठरलेला असतो: एवढंच? आणि आता पुढच्या शर्यतीपर्यंत अर्धा तास काय करायचं? मला तर त्या अर्ध्या तासासाठीच तिथे जावंसं वाटतं.

२४०० मीटरच्या डर्बीत चुकीला थोडी जागा असते. घोडा गेटमधून उशिरा निघाला, तर जॉकी त्याला मागे शांत बसवतो, पुढचे दमण्याची वाट बघतो आणि शेवटच्या वळणावर हिशेब पूर्ण करतो. स्प्रिंटमध्ये, म्हणजे अशा आखूड शर्यतीत, ती सवड नाही. वेग ताशी साठ किलोमीटरच्या वर. एक लेंग्थ म्हणजे घोड्याच्या अंगाएवढं अंतर, आणि ते कापायला लागतो सेकंदाचा जेमतेम सहावा हिस्सा. सुटताना गेलेल्या दोन लेंग्थ बहुतेकदा परत मिळत नाहीत. त्यामुळे जे काही जोखायचं ते आधीच जोखून ठेवावं लागतं: घोडा, वजन, गेट, जमीन, कोण पुढे पळणार, आणि सगळ्यांत शेवटी भाव, म्हणजे जिंकल्यास एका रुपयावर किती मिळणार तो आकडा.

शेवटी भाव, हे मी आग्रहाने सांगते. बहुतेक लोक उलट करतात. रिंगमध्ये, म्हणजे बुकी बसतात तिथे, जातात, त्यांच्या फळ्यावर कुठला घोडा फेव्हरेट, म्हणजे सर्वांत कमी भावाचा, आहे ते बघतात आणि मग रेसबुक उघडून त्याच घोड्याच्या बाजूची कारणं शोधत बसतात. कारणं सापडतातच, कारण प्रत्येक घोड्याच्या मागच्या पाच शर्यतींत एखादी तरी बरी असते. फळ्यावरचा आकडा एकदा डोळ्यांत बसला की नजर आपली राहत नाही. म्हणून शनिवारच्या शर्यतींसाठी मी शुक्रवारी रात्रीच स्प्रिंटचं पान काढते, भाव कुठेही न बघता प्रत्येक घोड्यापुढे त्याच्या जिंकण्याच्या शक्यतेचे टक्के पेन्सिलीने लिहिते आणि त्यांची बेरीज शंभर करते.

सुरुवात वजनापासून. आपल्याकडच्या बहुतेक शर्यती हँडिकॅप असतात. प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून रेटिंग मिळतं, आणि रेटिंग जास्त तर पाठीवरचं वजन जास्त. समजा शर्यत २० ते ४६ रेटिंगच्या घोड्यांची आहे. रेटिंगचा एक अंक म्हणजे अर्धा किलो, म्हणजे वरच्या आणि खालच्या घोड्यात तेरा किलोंचा फरक पडू शकतो. जॉकी, खोगीर आणि कमी पडेल तेवढं शिसं, असं मिळून ते वजन भरतं. ही वजनं ठरवणाऱ्या हँडिकॅपरचं स्वप्न असं की सगळे घोडे एका रेषेत विनिंग पोस्ट ओलांडावेत. ते कधी खरं होत नाही, पण त्या दिशेने त्याने केलेलं काम फार बारकाईचं असतं. माझी पेन्सिल त्याच्या कामातल्या फटी शोधते. १२०० मीटरला ढोबळमानाने सव्वा किलो म्हणजे एक लेंग्थ असा हिशेब धरतात. मागच्या वेळी दोन लेंग्थने हरलेला घोडा आज तीन किलो कमी घेऊन त्याच प्रतिस्पर्ध्याशी पळत असेल, तर कागदावर तो पुढे गेला. वर शिकाऊ जॉकी बसला असेल, तर त्याला मिळणारी सूटही त्यात धरायची. मात्र सूट मिळते ती अनुभव कमी म्हणून, हे विसरायचं नाही. गर्दीत अडकलेला घोडा बाहेर काढायला लागणारं डोकं त्या दोन-तीन किलोंत बसत नाही.

मग अंतर. १४०० आणि १६०० मीटरवर शेवटी जोर लावणारा घोडा १२०० वर आणला की लोक म्हणतात, आज तर सोपं झालं. तसं नसतं. स्प्रिंटरचं शरीरच वेगळं असतं: रुंद छाती, भरलेला पुठ्ठा, आखूड आणि झपाट्याची झेप. २०१० मध्ये डब्लिनच्या विद्यापीठातल्या एमलाइन हिल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं की स्नायूंची वाढ आवरणाऱ्या मायोस्टॅटिन जनुकाच्या एका फरकावरून थरोब्रेड घोडा आखूड पल्ल्याचा की लांब पल्ल्याचा, याचा चांगला अंदाज बांधता येतो. जुन्या ट्रेनरना हे पुठ्ठ्यावर हात ठेवून कळत होतं, असं म्हणायचा मोह मला होतो. पण त्यांनाही सगळ्याच घोड्यांचं कळत नसे, आणि कित्येक घोडे चुकीच्या अंतरावर पळून उमेदीची वर्षं घालवून बसले.

माझा सर्वांत जास्त वेळ जातो तो वेगाच्या प्रश्नावर. पहिले चारशे मीटर पुढे कोण असेल? गेटमधून सुटताच आघाडी घेणारा एकच घोडा शर्यतीत असेल, तर तो आपल्या मर्जीने पळतो, अधेमधे श्वास घेतो आणि शेवटच्या दोनशे मीटरसाठी काहीतरी राखून ठेवतो. असा घोडा कागदावर तिसरा-चौथा वाटला तरी मी त्याचे टक्के वाढवते. तसेच तिघे एकत्र आले, तर ते एकमेकांना जाळतात. पहिले सहाशे मीटर अंगाबाहेरच्या वेगात गेले की शेवटी तिघांचेही पाय जड होतात आणि मागे थांबलेला एखादा बाहेरून निघून जातो. लोक मग त्याला नशीबवान म्हणतात. मला ते पटत नाही. ते तिघे एकाच शर्यतीत उतरणार हे रेसबुकात आधीच छापलेलं होतं.

गेटचा नंबर याच प्रश्नाला जोडून येतो. स्प्रिंटमध्ये वळण असेल तर आतल्या गेटवाल्याला अंतर कमी पडतं. पण तो सुटायला मंद असेल तर तीच जागा त्याला कोंडून टाकते: उजवीकडे रेल, म्हणजे ट्रॅकच्या आतल्या कडेचा कठडा, डावीकडे घोडे, पुढे घोड्यांची भिंत. त्यात आपल्याकडे फॉल्स रेल असते. गवताचा आतला पट्टा तुडवला जाऊ नये म्हणून रेल काही मीटर बाहेर सरकवतात, आणि मग मागच्या आठवड्यात खणला गेलेला पट्टा कुठे पडला, ताजं गवत कुठे आहे, हे सगळं बदलतं. पुण्याचा मोसम पावसाळ्याचा, जुलैपासून सुरू होणारा. जमिनीच्या मऊपणाचा पेनेट्रोमीटरचा आकडा त्या दिवशी जाहीर होतो आणि दुपारी एक सर येऊन गेली की त्याला अर्थ उरत नाही. चिखलात काही घोडे पाय टाकायलाच कचरतात, तर काही आईबापांकडूनच त्याची आवड घेऊन आलेले असतात. नालेचंही तसंच. पोलादी नाल जड, अ‍ॅल्युमिनियमची हलकी. रोज पोलादी नाल वापरणाऱ्या घोड्याला आज अ‍ॅल्युमिनियम ठोकली असेल, तर ट्रेनरचा आज काहीतरी इरादा आहे असं मी समजते. इराद्याचे दोन टक्के, फार नाहीत.

पहाटेच्या ट्रॅकवर्कचे आकडे मी वर्षानुवर्षं वाचत आले आहे आणि त्यांची भाषा मला फार आवडते. ‘सँडवर ६०० मीटर ३८ सेकंद, ईझी.’ ‘६०० मीटर ३७, प्रेस्ड.’ सेकंदापुढचा तो एकच शब्द खरी गोष्ट सांगतो. ३८ सेकंद घोड्याने सहज काढले की जॉकीने हात चालवून काढून घेतले? पाठीवर कोण होतं, साठ किलोंचा रायडिंग बॉय की शर्यतीत बसणारा हलका जॉकी? सोबत कुठला घोडा होता आणि तो मागे का राहिला? पहाटे धुक्यात स्टॉपवॉच घेऊन उभं राहणारी माणसं हे टिपून ठेवतात. त्यांच्या त्या कष्टांबद्दल मला मनापासून आदर आहे.

असे सगळे टक्के लिहून झाले, की शनिवारी भाव.

भाव म्हणजे काय हे एकदा आकड्यांत मांडून बघावंच. एकास चार असा भाव असेल, तर पाचपैकी एकदा जिंकण्याची शक्यता गृहीत धरली आहे, म्हणजे २० टक्के. एकास तीन म्हणजे २५, एकास दीड म्हणजे ४०. आता आठ घोड्यांच्या शर्यतीत फळ्यावर असे भाव आहेत समजा: दीड, तीन, चार, सहा, दहा, दहा, वीस, तेहतीस. टक्के काढून बेरीज केली तर ती शंभर येत नाही, सव्वाशे येते. वरचे पंचवीस हा बुकीचा धंदा. म्हणजे फळ्यावरचा प्रत्येक आकडा खऱ्या शक्यतेपेक्षा फुगलेला असतो, आणि लोकांचं मत त्यातून वाचायचं तर आधी ती सूज काढावी लागते. दीडचा फेव्हरेट ४० टक्क्यांचा दिसतो, पण सव्वाशेने भागला की ३२ वर येतो. फेव्हरेट तीनांत साधारण एकदा जिंकतो, असं जगभरचे जुने रेसवाले सांगतात. ते याच्याशी जुळतं.

बुकीऐवजी क्लबच्या खिडकीवर, म्हणजे टोटवर, पैसे लावले तर गणित वेगळं. तिथे कुणी भाव लावत नाही, लोकांचे पैसेच भाव ठरवतात. १८६० च्या दशकात पॅरिसमध्ये जोसेफ ओलेर याने ही पद्धत काढली: सगळ्यांचे पैसे एका भांड्यात, त्यातून चालवणाऱ्याचा आणि सरकारचा हिस्सा काढायचा, उरलेलं जिंकणाऱ्यांत वाटायचं. १९१३ मध्ये न्यूझीलंडच्या एलर्सली रेसकोर्सवर जॉर्ज ज्युलियसचं बेरीज करणारं प्रचंड यंत्र बसलं आणि हे काम माणसांच्या हातून गेलं. आपल्याकडे निकालानंतर दहा रुपयांवरचा डिव्हिडंड लागतो, विनचा, म्हणजे पहिल्या आलेल्याचा, वेगळा, प्लेसचा, म्हणजे पहिल्या काहींत आलेल्याचा, वेगळा. मला टोटची पाटी बघायला आवडते ती शेवटच्या पाच मिनिटांत, कारण ज्यांना खरोखर काही माहीत आहे त्यांचे पैसे उशिरा येतात.

मग लोकांचं मत बरोबर असतं का? बऱ्याच अंशी असतं, आणि ते मान्य करायला मला वेळ लागला नाही, कारण आकडे स्पष्ट आहेत. एकास दोनवाले घोडे एकास दहावाल्यांपेक्षा पुष्कळ जास्त वेळा जिंकतात. गर्दी मिळून चांगली पारखी असते. तिची एक खोड मात्र जुनी आहे. १९४९ मध्ये ग्रिफिथ नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने शर्यतींचे निकाल तपासून दाखवलं की लोक लांब भावाच्या, म्हणजे जिंकण्याची शक्यता कमी असलेल्या, घोड्यांवर गरजेपेक्षा जास्त पैसे लावतात आणि आखूड भावाच्या, फेव्हरेटसारख्या, घोड्यांवर कमी. शंभराचे तीन हजार होण्याची कल्पना माणसाला भुरळ घालते. एकास तेहतीसचा घोडा खरं तर एकास साठचा असतो, पण एकास साठ द्यायची गरजच बुकीला पडत नाही.

याच संदर्भात बिल बेंटर या गणिती माणसाची आठवण मला पुन्हा पुन्हा येते. १९८० च्या दशकात तो हाँगकाँगला गेला, घोड्यांची सगळी माहिती संगणकात भरून प्रत्येकाची शक्यता काढणारं प्रारूप त्याने तयार केलं, आणि १९९४ मध्ये ते काम निबंधाच्या रूपात उघडपणे मांडलं. त्यातला एक भाग मला सर्वांत मोलाचा वाटतो. नुसत्या प्रारूपाचे अंदाज पुरेसे नव्हते. गर्दीच्या भावाला अशा गोष्टी कळत होत्या ज्या त्याच्या आकड्यांत नव्हत्या. दोन्ही एकत्र केल्यावरच अंदाज खरे ठरू लागले. पण एकत्र करायचं तर आधी दोन वेगवेगळी मतं हवीत. भाव बघून बनवलेलं मत म्हणजे भावाचीच दुसरी प्रत, तिने काय भर पडणार? माझ्या शुक्रवारच्या पेन्सिलीचं समर्थन मला तिथे मिळालं.

भावावर किती विसंबायचं हे मी ब्लॅक कॅव्हियरकडून शिकले. २३ जून २०१२, इंग्लंडचं रॉयल अ‍ॅस्कॉट, सहा फर्लांगांची सरळ रेषेतली स्प्रिंट, म्हणजे आपले १२०० मीटर. ऑस्ट्रेलियाची ही घोडी तोवर एकही शर्यत हरलेली नव्हती. भाव होता सहास एक: सहाशे लावायचे तेव्हा शंभर मिळायचे. टक्क्यांत ८६. जगातल्या सर्वोत्तम स्प्रिंटरवर एवढा विश्वास रास्तच वाटत होता. मी ती शर्यत अनेकदा बघितली आहे. शेवटच्या टप्प्यात ती पुढे येते, जॉकी ल्यूक नोलेनला वाटतं की झालं, तो हात सैल सोडतो आणि घोडी मंदावते. फ्रान्सची मूनलाइट क्लाउड बाजूने चढत येते. नोलेनच्या लक्षात येतं, तो पुन्हा तिला पुढे ढकलतो, आणि ती जिंकते ती अवघ्या एका डोक्याने. नंतर तपासणीत कळलं की तिचे स्नायू फाटले होते. दुखऱ्या अंगाने, जगाच्या दुसऱ्या टोकाला प्रवास करून, ती तरीही पहिली आली. पुढे २५ शर्यतींत २५ विजय मिळवून २०१३ मध्ये ती निवृत्त झाली आणि २०२४ मध्ये गेली.

सहास एकवाल्यांना त्यांचे पैसे मिळाले. म्हणून तो भाव बरोबर होता का? माझं उत्तर नाही असं आहे. त्या दिवशीच्या त्या शरीराला ८६ टक्के कुणी दिले नसते. आकडा तिच्या मागच्या एकवीस विजयांचा होता, आणि मैदानात उतरली होती ती ठणकणारी बाविसावी. एकवीस विजय भावात मोजता येतात. ठणका बघायला पॅडॉकवर, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवतात त्या रिंगणापाशी, जावं लागतं, आणि तिथेही तो दिसेलच असं नाही.

म्हणूनच तो अर्धा तास मी पॅडॉकच्या कठड्याशी काढते. सईस घोड्यांना फिरवत असतात. तिथे एक काका नेहमी भेटतात, आयुष्य रेसकोर्सवर गेलेलं. पांडू खाडे, वसंत शिंदे या जुन्या जॉकींना मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर बघितलेले. मी कागद बघून म्हणते, “काका, चार नंबर आज हलका आहे, तीन किलो उतरलेत.” ते कागदाकडे बघतही नाहीत. “अगं, ते राहू दे. मागचा पाय बघ, पुढच्या खुणेच्या पलीकडे पडतोय का?” मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशापुढे किती पडतो यावरून झेपेचा मोकळेपणा कळतो. मग कान. मग मांड्यांच्या मधला फेस. उन्हाने मानेवर आलेला घाम वेगळा आणि भीतीने मांड्यांत साचलेला फेस वेगळा. लांब शर्यतीत घाबरलेला घोडा वाटेत निवळू शकतो. स्प्रिंटचा घोडा गेटमध्ये शिरण्याआधीच सगळी ताकद सांडून बसला, तर पुढे त्याच्याकडे काही उरत नाही. अशा घोड्याचे टक्के मी तिथल्या तिथे निम्मे करते. काकांच्या नजरेची सर मला येणार नाही, पण दर मोसमात थोडं जास्त दिसू लागतं, आणि त्या थोड्याचा आनंद फार मोठा आहे.

पैशांबद्दल स्पष्ट बोलायला हवं. मराठी मध्यमवर्गीय घरात ‘रेस’ हा शब्द दारूच्या जोडीने उच्चारला जातो आणि त्या भीतीला कारण आहे. पगार, दागिने, राहती घरं यात गेलेली आहेत. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९६ मध्ये, के. आर. लक्ष्मणन यांच्या तमिळनाडू सरकारविरुद्धच्या खटल्यात, घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असा निकाल दिला. तो मला योग्यच वाटतो. पण तिकीट काढणाऱ्या प्रत्येकाकडे ते कौशल्य आहे, असं न्यायालय म्हणालेलं नाही. शिवाय पैजेच्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी होता, तो सप्टेंबर २०२५ पासून ४० टक्के झाला. इतकं ओझं पाठीवर घेऊन माझी पेन्सिल फळ्याला हरवेल, असा दावा मी करणार नाही. हरलेले पैसे भरून काढायला शेवटच्या शर्यतीत दुप्पट लावणारे चेहरे मी रिंगमध्ये बघते आणि मला खरोखर वाईट वाटतं. घरातून निघतानाच रक्कम बाजूला काढायची, ती गेली असं समजायचं, आणि माझा टक्का फळ्यावरच्या टक्क्यापेक्षा चांगला वरचढ नसेल तर तिकीटच काढायचं नाही, हा माझा नेम आहे. बहुतेक शर्यती मी नुसत्याच बघते. जोखण्याची मजा त्याने कणभर कमी होत नाही.

आणि मग गेट उघडतं. त्या सत्तर सेकंदांबद्दल लिहिण्यासारखं थोडंच. परवाच्या स्प्रिंटमध्ये पुढे पळणारे तिघे होते, तिघे एकमेकांना जाळतील असं मी लिहिलं होतं आणि ते तसंच घडलं. मात्र मागून येईल म्हणून मी ज्याला २४ टक्के दिले होते, तो सात नंबर चौथा आला. जिंकला तो दुसराच, माझ्या यादीत ११ टक्क्यांचा. फळ्यावर तो एकास सातला होता. सूज काढली तर दहाच टक्के. म्हणजे त्या घोड्याबद्दल गर्दीचं आणि माझं जवळजवळ एकच मत होतं.

रात्री मी शर्यत पुन्हा बघितली, समोरच्या कॅमेऱ्यातून. शेवटच्या तीनशे मीटरला सात नंबरपुढे दोन दमलेले घोडे आडवे येतात, जॉकी लगाम खेचतो, घोडा आत वळतो, तिथेही वाट नाही. मोकळी जागा मिळते ती शंभर मीटर उरल्यावर, आणि त्या शंभर मीटरमध्ये तो तीन घोडे ओलांडतो. विनिंग पोस्टनंतरही त्याचे कान पुढेच आहेत. हँडिकॅपरला फक्त चौथा नंबर दिसला, तर त्याचं रेटिंग एखाद-दुसऱ्या अंकाने उतरेल. पुढच्या वेळी तो १४०० मीटरवर उतरला, पुढे पळणारे कमीत कमी दोघे समोर असले आणि गेट मधलं मिळालं, तर मी ३० टक्क्यांपासून सुरुवात करीन. वहीत त्याच्या नावापुढे तसं लिहून ठेवलं आहे.